पाणीवाल्या बाईचे विधेयक

मृणाल गोरे म्हटले की पाण्याच्या मोर्चातला हंडा आणि महागाईविरोधी मोर्चातले लाटणे डोळ्यांपुढे येते. १९७७ साली त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तोंडोतोंडी झाली. घोषणा झकासच, पण तिने मृणालताईंना कायमचे मोर्चात उभे करून ठेवले आणि सभागृहातल्या मृणालताई झाकोळल्या. १९६१ला महापालिका, १९७२ला विधानसभा, १९७७ला लोकसभा, हा क्रम पाहून त्यांच्या कारकिर्दीचा कळस दिल्लीत शोधला जातो. माझ्या मते तो सापडतो १९८५ नंतरच्या विधानसभेत, विरोधी बाकावर.

गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा तेव्हा मुलगी आहे का एवढेच पाहण्यासाठी सर्रास होत होती. पोटातून सुईने गर्भाभोवतीचे पाणी काढायचे, त्यातल्या पेशी तपासायच्या. (ही लढाईही अखेर पाण्याचीच निघाली!) राज्य सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही परीक्षा करत असल्याचे आढळले. स्त्री संघटना रस्त्यावर होत्याच. मृणालताईंनी १९८६मध्ये या गैरवापराला आळा घालणारे अशासकीय विधेयक विधानसभेत मांडले. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या अशा विधेयकांचे नशीब ठरलेले असते. संसदेत १९७०नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही. मृणालताईंचेही त्या रूपात झाले नाही. पण विषय पटलावर आल्यावर सरकारला तो टाळता येईना. १९८८मध्ये राज्य सरकारने स्वतःचा कायदा केला. देशातला या विषयावरचा तो पहिला. केंद्राचा यायला १९९४ उजाडले.

यावर आक्षेप येतो तो आकड्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ला ९१३, २०११ला ८९४. मग कायद्याने साधले काय? आकडा घसरला हे खरे, पण त्याचे खापर विधेयकावर फोडताना मधला काळ विसरता येत नाही. सोनोग्राफी स्वस्त झाली, गल्लोगल्ली पोचली. सुई टोचायची गरजच उरली नाही. कागदावरच्या केंद्रीय कायद्याच्या अंमलबजावणीसाठी कार्यकर्त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि २००१मध्ये न्यायालयाने सरकारांना फटकारले. कायदा दुबळा राबवला गेला म्हणून तो मागणारी चुकली, हे तर्कट झाले. दुसरा आक्षेप : श्रेय एकट्या मृणालताईंचे कसे? नाहीच. पाहणी दुसऱ्यांची, मोर्चे अनेकींचे, कायदा सरकारचा. रस्त्यावरचा प्रश्न कलमांच्या भाषेत सभागृहात नेऊन ठेवणे, एवढाच आमदाराचा वाटा, आणि तो त्यांनी मंत्रिपदावाचून उचलला. आज सोनोग्राफी केंद्रात शिरताना ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी कायद्यानेच लावलेली दिसते; तिच्याखाली बसलेल्यांना त्या विधेयकाचे नाव ठाऊक नसते.