चेस्टनटच्या सावलीत दशम्या

म्युनिक म्हणजे बिअर आणि सॉसेज यांचं माहेरघर. तिथे शाकाहारी आईला घेऊन जायचं म्हटल्यावर मित्रमंडळींनी आम्हाला वेड्यातच काढलं. प्रत्यक्षात अख्ख्या युरोपच्या सहलीत ती पोटभर आणि मनसोक्त जेवली ती म्युनिकलाच!

सकाळी अकराच्या आत मारियनप्लाट्झचा चौक गाठला. नव्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यात ४३ घंटा आणि ३२ बाहुल्या आहेत. १९०८ पासून हा खेळ चालू आहे. वरच्या मजल्यावर १५६८ सालचं एका राजपुत्राचं लग्न लागतं आणि घोडेस्वारांच्या झुंजीत अर्थातच बव्हेरियाचा वीर जिंकतो. खाली पिंपं बनवणारे कारागीर नाचतात. प्लेगच्या साथीनंतर घाबरलेल्या लोकांना घराबाहेर काढण्यासाठी ते प्रथम नाचले, अशी कथा आहे. "एकच लग्न रोज लावतात, आणि वऱ्हाडी मात्र रोज नवे!" इति आई.

तिथून दोन मिनिटांवर विक्टुआलियनमार्क्ट. चौकातला बाजार मावेनासा झाला म्हणून राजा माक्स योसेफ याने १८०७ मध्ये तो इथे हलवला. भाज्या, चीज, मध, फुलं यांनी गच्च भरलेली आपली मंडईच. इथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे 'वाइसवुर्स्ट' हे पांढरं सॉसेज. ते दुपारी बाराच्या आत, गोड मोहरीबरोबर खायचं, हा फ्रिज नसलेल्या काळातला दंडक. पण ते वासराच्या मांसाचं, तेव्हा आम्ही लांबूनच नमस्कार केला. त्याऐवजी खारे, खमंग 'ब्रेत्सेल' आणि 'ओबात्स्डा' घेतला. कॅमेंबेर चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका एकत्र कालवून हा करतात. बहुधा त्यात थोडी बिअरही घालतात, म्हणून तो फक्त आमच्यासाठी.

अर्ध्या तासाच्या चालीवर इंग्लिश गार्डन. ही बाग १७८९ मध्ये ज्याच्या पुढाकाराने झाली तो काउंट रमफोर्ड मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. तोफेची नळी कोरताना एवढी उष्णता येते कुठून, याचा प्रयोग त्याने म्युनिकच्याच शस्त्रागारात केला. आम्हा इंजिनिअर लोकांना तो पुस्तकातून भेटलेला. गरिबांसाठी त्याने बार्ली, वाटाणे आणि बटाट्याचं स्वस्त सूपही बसवलं होतं, हे कळल्यावर आईच्या मनात त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

बागेत लाकडी चिनी मनोरा आहे. मूळचा १७९० चा, १९४४ च्या बाँबहल्ल्यात जळालेला आणि १९५२ मध्ये पुन्हा उभारलेला. त्याच्या पायथ्याशी बिअर गार्डन. आईने डबा पिशवीच्या तळाशी दडवला होता, कारण आदल्या दिवशी दुसऱ्या एका गावात उपाहारगृहातल्या वाढप्याने तो पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आणि इथे पाहतो तर शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा घरचा टेबलक्लॉथ अंथरून चीज, पाव, मुळा मांडून बसलेले!

यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती. म्हणून हिवाळ्यात केलेली बिअर कारखानदार तळघरात साठवत. तळघर थंड राहावं म्हणून वर खडी पसरत आणि चेस्टनटची झाडं लावत. त्याच सावलीत ते बिअर विकू लागले, तेव्हा खानावळवाल्यांनी राजाकडे तक्रार केली. माक्स योसेफने १८१२ मध्ये निवाडा दिला: बिअर विका, पावाखेरीज खाणं विकू नका. मग लोक घरून डबा आणू लागले. पुढे गार्डनमध्ये खाणंही मिळू लागलं, तरी डब्याचा हक्क टिकला. १९९९ च्या बव्हेरियन नियमातही त्याची नोंद आहे.

हे ऐकल्यावर आईने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. आजींनी मीठ लावलेला मुळा पुढे केला, आईने चटणी. भाषेवाचून काही अडलं नाही. आजोबांना चटणी जरा झोंबली, पण त्यांचा लिटरचा मग हाताशीच होता. आईने सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं 'आप्फेलशोर्ले' घेतलं.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना: टेबलक्लॉथ घातलेली टेबलं हॉटेलच्या गिऱ्हाइकांची, डबा उघड्या टेबलांवर खायचा. पेय मात्र तिथेच विकत घ्यायचं. काही बेकऱ्या ब्रेत्सेलच्या पिठात डुकराची चरबी घालतात, तेव्हा 'ओने श्माल्त्स?' म्हणजे 'चरबीशिवाय ना?' असं विचारून घ्यावं. आणि डॉइचेस म्युझियम त्याच दिवशी उरकायच्या भानगडीत पडू नये, त्याला स्वतंत्र दिवस हवा.