पार्किंगचे पट्टे कधी मारावेत?

बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेत येतात, पण इथे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. म्हणून सोसायटी किंवा मंगल कार्यालयाच्या पार्किंगचे पट्टे गणपतीआधी घाईने उरकण्यापेक्षा दिवाळीनंतर मारलेले बरे. उन्हाळ्यातही चालते, मात्र मे महिन्यात दुपारनंतर वळीव गाठतो. २०२५च्या मे अखेरीस तर इथे अतिवृष्टीच झाली. ओल्या डांबरावर रंग धरत नाही, पोपडे सुटतात. सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवलेल्या थर्मोप्लास्टिकखाली ओल राहिली, तर वाफेचे फोड येतात. जमीन कोरडी दिसली तरी प्लास्टिकचा तुकडा कडेने चिकटवून १५-२० मिनिटे ठेवा. आतून पाणी सुटले तर थांबा. हिवाळ्यात दव वाळल्यावरच काम सुरू करा.