वानराचा माणूस होताना कुणी पाहिला? : उत्क्रांती, निर्मितीवाद आणि आपण

धम्मवर्ग असो, अभ्यासिका असो की जयंतीचे व्याख्यान, एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "सर, कॉलेजात मित्र विचारतात, वानराचा माणूस होताना कुणी पाहिला? काय उत्तर द्यायचे?" आपली मुले हुशार आहेत, पण या प्रश्नापुढे गप्प होतात. म्हणून हा लेख.

हा प्रश्न फक्त कॉलेजच्या कट्ट्यावरचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीरपणे सांगितले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, म्हणून अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून या विधानाला आधार नसल्याचे स्पष्ट केले. योगायोग पाहा, याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला नाव मिळाले ते नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे.

पुढे एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो कधीच भेटणार नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे.

निर्मितीवाद म्हणजे काय?

सगळे सजीव आज जसे आहेत तसेच एका ईश्वराने निर्माण केले, हे मानणे म्हणजे निर्मितीवाद. अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि १०० डॉलर दंड झाला. पुढे तो निकाल तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण तो कायदा रद्द व्हायला १९६७ उजाडले. मग निर्मितीवादाने कपडे बदलले. 'बुद्धिमान रचना' या नावाने तो पुन्हा शाळेत शिरू लागला. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला : हे विज्ञान नाही, हा धार्मिक विचारच आहे.

आपल्याकडचा निर्मितीवाद वेगळा आहे. पृथ्वीचे वय किती, यावर आपल्याकडे फारसे भांडण नाही. आपल्याकडचे भांडण माणसाच्या निर्मितीचे आहे. मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र, ही पुरुषसूक्तातली कथा हा आपल्या देशातला सर्वात महागात पडलेला निर्मितीवाद. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथाची सुरुवातच या सूक्ताच्या चिकित्सेने केली, ती उगीच नाही. विषमता ईश्वराने केली असे एकदा मान्य केले की ती मोडायचा अधिकार माणसाला उरत नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर

वानराचा माणूस झाला, असे उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणतच नाही. आजचे चिंपांझी आणि आजचा माणूस हे चुलत भाऊ आहेत. दोघांचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एक होते. म्हणून 'मग आजची वानरे माणूस का होत नाहीत?' हा प्रश्नही चुकतो. चुलत भाऊ आपल्या आजोबांचा नातू असतो, तो आपला बाप होत नाही.

'कुणी पाहिले?' याचे उत्तर पुराव्यात आहे. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आपण पाहिलेले नाही, तरी ते होते हे आपल्याला कळते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, चिंपांझीच्या पेशीत ४८. मग दोन गेली कुठे? माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जोडल्याची खूण आजही दिसते. व्हेल मासा नाही, सस्तन प्राणी आहे, आणि त्याच्या जमिनीवरच्या नातलगाचे, इंडोहायसचे, जीवाश्म आपल्याच देशात जम्मूच्या कालाकोट भागात सापडले.

हे घडते कसे? प्रत्येक पिढीत लहानसहान फरक जन्मतात. परिस्थितीत जो फरक जगायला आणि संतती वाढवायला उपयोगी पडतो, तो पुढच्या पिढ्यांत वाढत जातो. डार्विनने १८५९ साली यालाच 'नैसर्गिक निवड' म्हटले.

पुरावा आपल्या घरात

याचा एक पुरावा विदर्भातल्या आपल्याच घरांत आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत सिकलसेल आढळतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सांधे आणि हाडे असह्य दुखतात. आई आणि वडील दोघांकडून हा जनुक आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक असतो, आणि अशा वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात म्हणूनच हा जनुक टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. हीच नैसर्गिक निवड.

हे कळण्यावर आयुष्ये अवलंबून आहेत. आजही वस्तीत कुणी याला मागच्या जन्माचे पाप म्हणते, कुणी करणी म्हणते, आणि दोष सुनेच्या माथी मारला जातो. खरे गणित सोपे आहे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. यात आईचा जेवढा वाटा, तेवढाच वडिलांचा. म्हणून पत्रिका जुळवू नका, लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करा.

आणखी एक गोष्ट. 'बलवान तोच टिकतो' असे सांगून काही लोकांनी वंशश्रेष्ठत्वाचे दुकान मांडले. आपल्याकडेही जातीला शास्त्रीय ठरवायचा प्रयत्न झाला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये तो खोडून काढला. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, मिसळणे नंतर थांबले. जात सृष्टीबरोबर आलेली नाही. ती मधेच आली आणि जाऊही शकते.

बुद्ध काय म्हणतात?

इथे आम्हाला आपल्याच लोकांना एक विनंती करायची आहे. 'डार्विनच्या आधी बुद्धांनी उत्क्रांती सांगितली' असे पोस्टर फिरवू नका. मत्स्य, कूर्म, वराह हे दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असे २०१९ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी सांगितले तेव्हा आपण हसलो होतो. त्याच दशावतारांत बुद्धांना नववा अवतार म्हणून बसवतात, आणि बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा नेमकी तेच नाकारते. मग तसलीच चूक आपण का करावी? बुद्ध जीवशास्त्र शिकवत नव्हते.

पण त्यांनी जे शिकवले त्याने विज्ञानाची वाट अडत नाही, मोकळी होते. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की प्रत्येक गोष्ट कारणांतून उपजते, म्हणून आदिकर्त्याची गरज पडत नाही. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, या दाव्याला अस्सलायन सुत्तात बुद्ध साधे उत्तर देतात : ब्राह्मण स्त्रियांनाही पाळी येते, त्याही गर्भार राहतात, बाळंत होतात. वासेट्ठ सुत्तात ते म्हणतात की गवत, किडे, पक्षी, चतुष्पाद यांच्या जाती शरीराच्या खुणांवरून वेगळ्या ओळखू येतात, माणसामाणसांत मात्र तशी खूण नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारले की वानराचा माणूस होताना कुणी पाहिला, तर चिडू नका. पुरावा सांगा. मग त्यालाच विचारा, मुखातून माणूस जन्मताना कुणी पाहिला? आणि या रविवारी विहारात दहावीचा तो पहिला धडा मुलांसोबत बसून वाचा. पुस्तकातून धडा काढता येतो, वस्तीतून काढू द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!