तिकिटाखालचे पाकीट

तिकिटे जमविणे हा मुलांचा नाद, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु टपालखात्याने आपल्याच इतिहासावर काढलेली स्मारक तिकिटे एका वहीत ओळीने लावून पाहा. पत्र एका गावाहून दुसऱ्या गावी कसे जात होते, त्याची सारी हकीकत तीत दिसू लागते.

आरंभ १८५२ सालापासून करावयाचा. त्या वर्षी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी अर्ध्या आण्याचे ‘सिंद डाक’ तिकीट काढले. हेच गृहस्थ पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. आशिया खंडातील ते पहिले टपालतिकीट. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध देशासाठी तिकिटे सुरू झाली. त्या घटनेच्या शताब्दीस, १९५४ साली, चार तिकिटे निघाली. आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापलेली. एक आण्याच्या तिकिटावर हरकारा, उंट आणि बैलगाडी. चार आण्याच्या तिकिटावर आगगाडी, विमान, आगबोट आणि सायकल. ही दोन तिकिटे शेजारी ठेवली की शंभर वर्षे बोलू लागतात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या वैमानिकाने अलाहाबादहून नैनीस सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. त्याचे स्मारक १९६१ साली झाले. १८७९ साली आलेल्या साध्या कार्डालाही १९७९ साली तिकिटाचा मान मिळाला.

मात्र ही तिकिटे खात्याचा इतिहास सांगतात. आपल्या घराचा सांगत नाहीत. तो असतो तिकिटाखालच्या पाकिटावर. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ असे असेल, तर ते पत्र बहुधा १९६० पूर्वीचे. त्या साली जिल्ह्याला जळगाव हे नाव मिळाले. ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. तिकिटावर नये पैसे दिसले, तर पत्र १ एप्रिल १९५७ नंतरचे. सहा आकडी पिन असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ही पिनची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. जळगाव शहराचे आकडे ४२५ ने आणि धुळे शहराचे ४२४ ने सुरू होतात. शिवाय टपालाच्या शिक्क्यात गाव आणि तारीख असतेच.

म्हणून नव्या संग्राहकाने एक नियम पाळावा. जुन्या पत्रावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. सोडविले की अर्धा शिक्का तिकिटाबरोबर जातो, अर्धा पाकिटावर राहतो आणि दोन्ही मुके होतात. पाकीट सबंध ठेवावे. त्यास डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये. माहिती लिहावयाची ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी.

आपली दीपनगरची वसाहत वीज केंद्रामुळे उभी राहिली. नोकरीसाठी ठिकठिकाणची माणसे येथे आली आणि मागे राहिलेल्या आईवडिलांची कार्डे त्यांच्यामागून येत राहिली. ती कार्डे आज कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या माळ्यावर असतील. स्मारक तिकीट पुन्हा विकत मिळेल. ते कार्ड मिळणार नाही. रद्दीवाला दारी येण्यापूर्वी एकदा ती ट्रंक उघडून पाहा.