ताटातील वस्तूचा दाखला (लेखांक ४) : वासराचा मुलूख कोणता?

मागील लेखांकी आपण ब्रिटनचा १८८७ चा कायदा पाहिला. जर्मन माल ओळखू यावा व गिऱ्हाइकाने तो टाळावा, या हेतूने त्याने जी देशनामाची छाप घालावयास लावली, तीच पुढे जर्मन मालाच्या अब्रूची सनद होऊन बसली, हा त्यातील विनोद वाचकांच्या स्मरणात असेलच. परंतु तो सारा व्यवहार चाकू-कात्र्यांचा होता. चाकू ज्या कारखान्यात घडतो तेथलाच असतो, आणि पेटीत बंद होऊन निघाला की वाटेत वाढत नाही. वासरू वाढते.

मेक्सिकोच्या चिवावा प्रांतातील कोरड्या कुरणावर जन्मलेले वासरू दूध तुटल्यावर सरहद्द ओलांडून टेक्ससमधील, ज्यांना तिकडे फीडलॉट म्हणतात अशा गुरांच्या अवाढव्य वाड्यांत येते, तेथे महिनोन् महिने मका खाऊन पुष्ट होते आणि अखेर अमेरिकन कत्तलखान्यात अमेरिकन निरीक्षकाच्या नजरेखाली त्याचे मांस होते. कॅनडातील मॅनिटोबाची डुकराची पिल्ले याच रीतीने आयोवाच्या वाटेला लागतात. आता या मांसाचा मुलूख कोणता, जन्माचा, अन्नाचा की मरणाचा? आपल्याकडे माणसाच्या गावाविषयी हा प्रश्न निघाला असता तर मूळ गाव, आजोळ आणि हल्ली मुक्काम असे तीन रकाने करून आपण मोकळे झालो असतो. अमेरिकन काँग्रेसला तेथवर पोहोचण्यास बरीच वर्षे लागली.

तेथील १९३० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव असावे असे फर्माविले होते खरे, पण ते अखेरच्या खरीददाराला कळावे एवढ्यापुरते. आणि बाहेरून आलेल्या सबंध धडाचे तुकडे करणारा कारखानदार हाच तो अखेरचा खरीददार असा अर्थ लावला गेल्यामुळे, ते नाव कारखान्याच्या दारातच गळून पडे. माँटाना, डाकोटा येथील पशुपालकांची फिर्याद नेमकी हीच होती. ती मान्य होऊन २००२ च्या शेतीविषयक कायद्यात मूळ देश नोंदविण्याचे कलम आले; मासळीला ते २००५ पासून लागू झाले, मांसाच्या बाबतीत मात्र मुदतीमागून मुदत वाढत गेली. मध्यंतरी डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन संस्थानात मेंदूच्या रोगाने ग्रासलेली एक गाय सापडली आणि ती मूळची कॅनडातील अल्बर्टा प्रांताची निघाली, तेव्हा या कलमाच्या पाठीराख्यांना आयतेच बळ मिळाले. वस्तुतः कृषिखाते सांगत होते की ही चिठ्ठी केवळ माहितीसाठी आहे, आरोग्याशी तिचा संबंध नाही. अखेर २००८ च्या कायद्याने कोंबडी व बकरीचीही भर घालून ३० सप्टेंबर २००८ पासून अंमल सुरू झाला.

या कायद्याची खरी मौज त्याच्या व्याख्यांत आहे. दुकानदार कोणाला म्हणावे याची व्याख्या फळे-भाजीपाल्याच्या व्यापाराविषयीच्या १९३० मधील एका जुन्या कायद्यातून जशीच्या तशी उसनी घेतली होती, आणि तिच्या अन्वये वर्षाकाठी २,३०,००० डॉलरहून अधिक किमतीची ताजी फळे-भाजी खरेदी करील तोच दुकानदार ठरे. परिणामी जो केवळ मांसच विकतो, असा निव्वळ खाटीक, मांसाविषयीच्या या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला! उपाहारगृहे वगळली गेली, शिजविलेले, खारविलेले व धुरावलेले मांसही वगळले गेले. म्हणजे डुकराच्या कच्च्या तुकड्याला देश असे, त्याचेच बेकन होताच तो नाहीसा होई. खिम्याला तर अशी सवलत होती की, ज्या देशाचे मांस गेल्या ६० दिवसांत कारखान्याच्या साठ्यात होते, त्याचे नाव चिठ्ठीवर खुशाल घालावे, मग त्या विशिष्ट पुडक्यात ते असो वा नसो. आमच्याकडे रविवारी सकाळी ओळखीच्या खाटकापुढे उभा राहून, टांगलेला बोकड डोळ्यांनी पाहून मांस तोलून घेणाऱ्या गृहस्थाला या चिठ्ठीत फारसे काही नवे मिळाले नसते.

कॅनडा व मेक्सिको यांनी डिसेंबर २००८ मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. त्यांचे गाऱ्हाणे असे की, परदेशी जन्माची जनावरे वेगळी ठेवणे, वेगळी कापणे व त्यांचे दफ्तर वेगळे राखणे या खर्चाला कंटाळून अमेरिकन कत्तलखाने केवळ स्वदेशी जनावरेच पसंत करू लागतात. जिनीव्हाच्या अपील मंडळाने २०१२ मध्ये जो निवाडा दिला, तो मला फार मार्मिक वाटतो. गिऱ्हाइकाला माहिती देणे हा हेतू त्याने गैर ठरविला नाही. दोष काढला तो असा की, पशुपालकापासून कारखान्यापर्यंत प्रत्येकाकडून जेवढी नोंद सक्तीने घेतली जाते, तिच्या मानाने चिठ्ठीवर उतरते ते अत्यल्प, कारण बहुतेक मांस त्या सवलतींतून निसटून चिठ्ठीविनाच पोटात जाते. वगळण्याच्या कलमांनीच कायद्याचा घात केला.

यावर अमेरिकेने २३ मे २०१३ रोजी जी दुरुस्ती केली, तीत जन्म, संगोपन व कत्तल यांचे देश स्वतंत्रपणे लिहिण्याचा हुकूम होता. आपले ते तीन रकाने अखेर आले म्हणायचे. परंतु सवलतींना हात न लागता दफ्तराचा भार मात्र वाढल्यामुळे, मूळ आक्षेप उलट अधिकच बळावला आणि मे २०१५ मध्ये अमेरिका पुन्हा हरली. ७ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने कॅनडास वर्षाला सुमारे १०५ कोटी ४७ लाख कॅनेडियन डॉलर आणि मेक्सिकोस सुमारे २२ कोटी ७८ लाख अमेरिकी डॉलर इतक्या रकमेपर्यंत प्रतिजकात बसविण्याची मुभा दिली. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांत, एका अवाढव्य खर्चमंजुरीच्या विधेयकाच्या पोटात घालून, गोमांस व वराहमांस यांवरील सक्ती उठविण्यात आली.

मेंढी, बकरी आणि कोंबडी यांच्यासाठी कोणी भांडले नव्हते, म्हणून त्यांची चिठ्ठी तशीच राहिली. गोमांसाचे असे झाले की, परदेशातून आलेले मांस अमेरिकेत नुसते पुन्हा बांधले तरी त्यावर ‘अमेरिकेचे उत्पादन’ असे छापणे चालत असे. मार्च २०२४ च्या नियमाने ते बंद करून, जन्म, संगोपन, कत्तल व प्रक्रिया ही चारही अमेरिकेत झाली असतील तरच हे शब्द वापरावेत असे ठरविले, आणि १ जानेवारी २०२६ ही त्याच्या पालनाची तारीख नेमली. मात्र ही छाप ऐच्छिक आहे. ज्याला काहीच लिहावयाचे नाही त्याच्यावर सक्ती नाही.

युरोपात घोड्याचे मांस गोमांस म्हणून विकले गेल्याचे २०१३ चे प्रकरण पुढील लेखांकी घेऊ.