पडत्या विटांचा खेळ

व्हिडिओ गेम हा शब्द निघाला कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आमच्याही पडत असत; इतकेंच नव्हे, तर या विषयावर मुलांस उपदेश करण्यांत आमच्या घरीं आम्हीच अग्रेसर होतों. त्या उपदेशाचें पुढें काय झालें तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमचें कुटुंब एकत्र. १९९७ सालीं तीन भावांचे संसार, सहा मुलें आणि वृद्ध आईवडील अशीं चौदा माणसें एका छपराखालीं नांदत होतीं. त्या उन्हाळ्यांत धाकट्या भावजयीनें मुंबईहून येतांना दादर स्टेशनाबाहेरच्या फूटपाथवरून ‘ब्रिक गेम’ नांवाचें एक यंत्र आणलें. हातांत मावणारा करडा डबा, चार बटणें इकडे, एक मोठें तिकडे, आणि वर विड्याच्या पानाएवढाही नाहीं असा पडदा. डब्यावर ९९९९ खेळ असल्याची फुशारकी छापलेली होती. प्रत्यक्षांत तेच थोडे खेळ वेग बदलून पुनःपुन्हां येत. त्यांतला खरा खेळ एकच. वरून चौकोनांचे तुकडे एकामागून एक खालीं येतात. ते फिरवून, सरकवून असे बसवावयाचे कीं आडवी ओळ सबंध भरावी. भरली कीं ती नाहींशी होते. मधें भोंक राहिलें कीं रास चढत जाते आणि माथ्यास टेकली कीं डाव संपतो.

हा खेळ मूळचा मॉस्कोचा. तेथील सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत काम करणारे अलेक्सी पाजित्नोव यांनीं तो १९८४ सालीं रचला. पांच चौकोन जोडून होणाऱ्या बारा आकृतींचें एक कोडें त्यांस प्रिय होतें. परंतु पडत्या खेळांत बारा आकृति सांभाळणें अवघड, म्हणून त्यांनीं चारच चौकोन घेतले आणि आकृति सात उरल्या. ‘चार’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि टेनिस यांची सांगड घालून नांव ठेवलें टेट्रिस. ज्या इलेक्ट्रॉनिका-६० यंत्रावर तो प्रथम चालला त्यास चित्रें काढतां येत नसत, तेव्हां कंसांचीं चिन्हें जोडून चौकोन दाखविले. वादिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून तो आयबीएमच्या संगणकावर आला, आणि फ्लॉपींवरून नकला होत होत देशोदेशीं गेला. १९८९ सालीं निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर तो लक्षावधि हातांत पडला. हक्क सरकारी खात्याकडे असल्यामुळें कर्त्यास मात्र १९९६ पर्यंत त्याचें मानधन मिळालें नाहीं. आमच्या करड्या डब्याच्या कारखानदारानें कोणास कांहीं दिलें असेल असें वाटत नाहीं.

असो. घरांत सहा मुलें आणि डबा एक. पाळ्यांचें वेळापत्रक भिंतीवर लागलें, तें फाटलें, दुसरें लागलें. थोरल्या पुतण्याचें दहावीचें वर्ष सुरू झालें तेव्हां आम्हीं एक लांबलचक व्याख्यान देऊन तो डबा कपाटाच्या तळच्या खणांत कुलूपबंद केला. आपण मोठें काम केलें असेंच आम्हांस वाटलें.

श्रावणांत वडिलांस अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळांतून घरीं आणल्यावर रात्रीं कोणीतरी जागें राहणें भाग होतें. पहिला प्रहर आमच्या मातोश्रींचा, पहांटेचा आमचा, असें ठरलें. एके रात्रीं आम्हांस नेमलेल्या वेळेच्या आधींच जाग आली. खोलींत गेलों तों मातोश्री खुर्चीवर बसलेल्या, आणि हातांतील कांहींतरी रात्रीच्या दिव्याकडे तिरपें धरून पाहत होत्या. त्या यंत्राच्या पडद्यास स्वतःचा उजेड नसे. आमची चाहूल लागतांच त्यांनीं तें पदराखालीं लपविलें. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला असे, हें कुलूप लावतांना आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याच म्हणाल्या, “जपाला बसलें तर मणी हातांत फिरतात आणि मन ह्यांच्या श्वासाकडेच. पोथी उघडली तर एकच ओळ दहादां वाचतें. हें मेलें मनाला हलूंच देत नाहीं. आवाज बंद केलाय हो, ह्यांना जाग नाहीं यायची.”

पुढें कित्येक वर्षांनीं आम्हीं वाचलें कीं हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनीं २००० सालीं दाखविलें होतें, कीं टेट्रिस खेळलेल्या माणसांस डोळा लागतांना पडते तुकडे दिसतात. स्मृति गेल्यामुळें खेळल्याचें आठवत नाहीं अशांनाही दिसतात. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांस २००९ सालीं असें आढळलें, कीं भयानक दृश्यें पाहिल्यावर लगेच हा खेळ खेळणाऱ्यांस तीं दृश्यें मागाहून कमी छळतात. मनाचा जो भाग चित्रें धरून ठेवतो तोच खेळांत गुंतलेला असतो. मातोश्रींस हें कोणी सांगितलें नव्हतें.

मार्गशीर्षांत वडील गेले. त्यानंतर त्यांनीं त्या डब्यास हात लावला नाहीं.

आतां त्यांनीं पंच्याऐंशी ओलांडली आहे. भाजीवाल्याचे पैसे त्या मोबाईलवरून देतात, परदेशीं असलेल्या नातवाशीं दर रविवारीं बोलतात. ज्याचा खेळ आम्हीं हिरावला तोच हा पुतण्या. त्यानें हौसेनें त्यांच्या मोबाईलवर टेट्रिस घालून दिला. दोन दिवसांत त्यांनीं तो काढावयास लावला. मधेंच साबणाची जाहिरात येते आणि बटण हातास लागत नाहीं, अशी त्यांची तक्रार. ती आम्हांस रास्त वाटते. जो खेळ संपूंच नये, सतत पैसे मागावे, असा रचलेला असतो त्यास आम्ही आजही विरोध करतों. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत केला तेव्हां आम्हांस समाधान वाटलें. मात्र त्या पंक्तीस हा विटांचा खेळ आम्ही बसवीत नाहीं.

मागील महिन्यांत माळा आवरतांना तो डबा सांपडला. आंतले सेल फुटून गंजले होते. पातींना कानस लावून नवे सेल घातले. यंत्र चालूं झालें आणि आपलें किरकिरें गाणें वाजवूं लागलें. जुने गुण अर्थात् पुसले गेले होते. मातोश्रींनीं चष्मा लावला, डबा हातीं घेतला आणि प्रथम आवाजाचें बटण दाबून तें गाणें बंद केलें.