हिरो जग वाचवतो, मग भांडी कोण घासतं?

'एवढा काय विचार करतेस, पिक्चर आहे फक्त!' हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? ग्रुपनं पिक्चर बघून बाहेर पडावं, वडापावच्या गाडीवर चर्चा रंगावी, फाइट कशी होती, गाणी कशी होती, सगळं बोलून व्हावं आणि मग एखादीनं विचारावं, 'पण हिरॉइन नक्की करत काय होती?' की झालं! 'आली बघ फेमिनिस्ट', 'झालं लेक्चर सुरू', 'मूड घालवू नकोस ना यार'. २०१९ मध्ये 'कबीर सिंग' आला तेव्हा आणि २०२३ मध्ये 'अ‍ॅनिमल' आला तेव्हा कँटीनमध्ये हेच चाललं होतं. दोन्ही पिक्चर तुफान चालले, दोन्हींवर कडाक्याची भांडणं झाली आणि बऱ्याच ग्रुपमध्ये शेवटी प्रश्न विचारणारीच गप्प बसली.

असले प्रश्न म्हणजे इन्स्टावरून आलेलं परदेशी फॅड आहे, असंही आपल्याला ऐकवलं जातं. पण मराठीत हे काम सुरू होऊन १४० वर्षं उलटून गेलीत, बरं का!

बुलढाण्याहून आलेला सवाल

१८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांमध्ये बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. बायकांना जे जे दोष चिकटवले जातात, ते पुरुषांत नसतात का, हा त्यांचा साधा सवाल. हा सवाल त्यांनी समाजापुरता ठेवला नाही. 'स्त्रीचरित्र'सारख्या, त्या काळी लोक चवीनं वाचायचे त्या कथांनाही त्यांनी तोच सवाल केला. गोष्टीतली बाई नेहमी कपटीच का? ही गोष्ट लिहिणारा कोण?

म्हणजे आज आपण यूट्यूबवर ज्याला व्हिडिओ एसे म्हणतो, त्याचंच हे १८८२ चं रूप. ताराबाईंवर टीका झाली, जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण हे पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रकाशात आणलं ते थेट १९७५ मध्ये. मधली नव्वदेक वर्षं हा सवाल कपाटात पडून होता. प्रश्न विचारणारीला गप्प केलं की काय होतं, त्याचं याहून ठळक उदाहरण कुठलं?

तीन अटींची टेस्ट

याच १९७५ मध्ये तिकडे ब्रिटनमध्ये लॉरा मल्वी या अभ्यासक बाईंचा एक निबंध आला. सिनेमाचा कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेनं बघतो, अशी मांडणी त्यांनी केली. 'मेल गेझ' हा आपण सर्रास वापरतो तो शब्द तिथला. आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांनी एका पट्टीत गमतीगमतीत एक नियम मांडला. आयडिया आपल्या मैत्रिणीची, हेही त्यांनी सांगून टाकलं. पिक्चरमध्ये किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि ते बोलणं पुरुषाबद्दल सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी हवं. बस, एवढंच! कॉमिकमधली ती बाई म्हणते की या नियमात बसणारा, तिला बघता आलेला शेवटचा पिक्चर म्हणजे 'एलियन'. तो आला होता १९७९ मध्ये.

घरी करून बघा ही टेस्ट. आवडत्या दहा पिक्चरची यादी काढा आणि एकेक तपासा. गंमत वाटेल आणि मग जरा गंमत वाटेनाशी होईल.

पण ही टेस्ट म्हणजे काही पास-नापासचा निकाल नव्हे. 'ग्रॅव्हिटी'मध्ये जवळपास अख्खा पिक्चर एकटी सँड्रा बुलक पेलते, तरी तो या टेस्टमध्ये नापास होतो, कारण तिच्याशी बोलायला दुसरी बाईच नाही. आपला 'बाईपण भारी देवा' सहज पास होतो, सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात म्हटल्यावर काय! म्हणून तो सगळ्यांना आवडलाच पाहिजे, असं नाही. टेस्ट फक्त एवढंच दाखवते की दोन बायकांचं साधं बोलणं पडद्यावर किती दुर्मीळ आहे.

राजकन्या पुन्हा किडनॅप झाली?

आता गेम्सकडे येऊ, कारण तिथे हा प्रश्न जास्तच भारी आहे. पिक्चर आपण बघतो, गेम आपण स्वतः 'करतो'. १९८१ चा 'डाँकी काँग' आठवा. माकड बाईला पळवतं, हिरो शिड्या चढून तिला सोडवतो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तेच काम राजकन्या पीचकडे. हात हलवत वाट बघायची, बास! २००५ मध्ये पीचला स्वतःचा गेम मिळाला, 'सुपर प्रिन्सेस पीच'. आता ती मारिओला सोडवायला निघते. मस्त ना? पण तिची स्पेशल पॉवर काय, तर तिचे मूड! रडली की अश्रूंचा पाट, चिडली की आग. हिरो झाली तरी तिच्या हातात शस्त्र म्हणून दिले ते भावनाच.

२०१३ मध्ये माइक मायका नावाच्या अमेरिकन गेम डेव्हलपरला त्याच्या छोट्या मुलीनं विचारलं की 'डाँकी काँग'मध्ये मी मुलगी होऊन मारिओला वाचवू शकते का? त्यानं गेमचं कोडिंग बदललं आणि लेकीला पॉलिन होऊन खेळता येईल अशी सोय केली. खेळ तोच, शिड्याही त्याच, फक्त कोण कुणाला वाचवतंय ते उलटं.

आणि या सगळ्यात आपलं पुणं कुठे आहे? आहे ना! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू सर्कशीत काम करणारी पोरं. राक्षसांची फौज गोलूला उचलून नेते आणि ताई त्याला शोधायला निघते. राजी राजकन्या नाही, तिच्या अंगात आहे ती सर्कशीत कमावलेली चपळाई. भिंतीवर चढणं, खांबाला लटकून फिरणं हे तिचं रोजचं काम, आणि तेच लढाईत उपयोगी पडतं. 'रक्षण भावानंच करायचं' हे राखीपौर्णिमेचं गणित इथे उलटं होतं आणि त्यावर कुणी भाषणही देत नाही. खेळता खेळता ते आपल्याला पटून जातं.

विचारण्याची किंमत

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. पण अनिता सार्किशियन यांना विचारा. व्हिडिओ गेम्समधल्या बायकांच्या चित्रणावर व्हिडिओ मालिका करायची म्हणून २०१२ मध्ये त्यांनी लोकांकडे सहा हजार डॉलर मागितले. त्यांना मिळाले दीड लाखांहून जास्त, आणि सोबत मिळाल्या शिव्या नि धमक्या. त्यांच्या फोटोवर ठोसे मारायचा एक गेमही कुणीतरी बनवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं त्यांचं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. त्यांनी काय केलं होतं? गेममध्ये राजकन्या कायम किडनॅपच का होते, एवढं विचारलं होतं!

आपल्याकडे इतकं टोक दिसत नसेल, पण छोटी रूपं रोज दिसतात. माझी एक मैत्रीण ऑनलाइन बॅटल गेम जबरदस्त खेळते. पण अनोळखी स्क्वॉडमध्ये ती माइक बंद ठेवते आणि नाव मुलाचं घेते. आवाज ऐकला की आधी 'मुलगी आहे रे' आणि मग 'लग्न झालं का' सुरू होतं, असं तिचं म्हणणं. तिचा नेम चांगला आहे हे कुणाला कळतच नाही, कारण ती मुलगी आहे हेच तिला लपवावं लागतं. गेममधली राजकन्या आणि गेम खेळणारी मुलगी यांच्यात संबंध आहे तो हा.

एकच स्वयंपाकघर, दोन गोष्टी

आता भांड्यांकडे. २०२१ मध्ये आलेला 'द ग्रेट इंडियन किचन' हा जिओ बेबी यांचा मल्याळम सिनेमा ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी पाहाच. एक नवी सून, एक घर आणि एक स्वयंपाकघर. चिरणं, वाटणं, शिजवणं, वाढणं, टेबल पुसणं, खरकटं काढणं, पुन्हा चिरणं. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, कपडे मशीनमध्ये नकोत. सिंक गळतंय, ती नवऱ्याला प्लंबर आणायला सांगते, तो विसरतो. त्या मुलीला सिनेमाभर नावसुद्धा नाही. मारझोड करणारा व्हिलन नाही, सगळे शांत आवाजात बोलतात, आणि तरी बघताना जीव घुसमटतो. इतर पिक्चरमध्ये हिरो जेवून हात धुतो आणि सीन कट होतो. हा सिनेमा त्या कटनंतर काय होतं ते दाखवतो.

मग फेमिनिस्ट नजर म्हणजे स्वयंपाकघर वाईट, असं आहे का? अजिबात नाही! २०२३ चा 'वेंबा' हा छोटासा गेम खेळून बघा. कॅनडात गेलेल्या एका तमिळ आईची ही गोष्ट. तिच्या आईनं दिलेली पाककृतींची वही फाटलीय, शाई पुसट झालीय. राहिलेल्या खुणांवरून इडलीपासून एकेक पदार्थ जमवायचा, हाच खेळ. हळूहळू लक्षात येतं की या बाईला मनासारखी नोकरी मिळत नाहीये, मुलगा तमिळ बोलायला लाजतोय आणि घराशी जोडणारा एकच धागा उरलाय, तो म्हणजे ही वही. इथे स्वयंपाक हे डोकं लागणारं कौशल्य आहे आणि ती बाई 'कुणाची तरी आई' एवढीच नाही, तिला नाव आहे. गेमचंही तेच नाव आहे!

दोन्हींत पोळपाट-लाटण्याच्याच दुनियेतली कामं. फरक एवढाच की एका घरात त्या कामाला किंमत शून्य, दुसऱ्यात त्याच कामाकडे कुणीतरी नीट बघतंय. नजर बदलते म्हणजे हेच.

फ्रेमबाहेर कोण राहिलं?

एक प्रश्न मात्र बेक्डेल टेस्टही विचारत नाही. या बायका कोणत्या जातीच्या, कोणत्या वर्गाच्या? 'सैराट'मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, शिट्ट्या पडतात. पण तिच्या बिनधास्तपणामागे पाटलांच्या वाड्याचं वजनही आहे. परश्याच्या बहिणीला गावातून तसा ट्रॅक्टर मिरवता आला असता का? हा प्रश्न विचारला की आर्ची कमी आवडत नाही, उलट सिनेमा आणखी खोल दिसतो. वाडा सुटल्यावर हैदराबादच्या खोलीत ती शून्यातून उभी राहते, ते जास्त मोठं वाटायला लागतं.

पुस्तकांत तर ही वाट केव्हाच पाडून ठेवलीय. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. ते लिखाण 'जिणं आमुचं' नावानं पुस्तक होऊन आलं. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये बांबूच्या टोपल्या विणणारी आई आहे, आणि तिचं विणणं नि लेकीचं लिहिणं एकमेकांत गुंतलेलं आहे. गावाच्या जातीबद्दल आणि घरातल्या पुरुषांबद्दल या दोघी एकाच वेळी बोलतात, कुणालाच सवलत देत नाहीत. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी अशा आत्मकथनांना थेट अभ्यासाच्या टेबलावर आणलं.

मग एन्जॉय करायचं नाही का?

करायचं की! प्रश्न विचारणं म्हणजे बंदी घालणं नव्हे, की आवडता पिक्चर आवडणं सोडणंही नव्हे. मॅच बघताना आपण अंपायरच्या निर्णयावर तासभर वाद घालतो, म्हणून क्रिकेट बघायचं सोडतो का? उलट वाद घालणाराच मॅच नीट बघत असतो. आणि मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. रडायचं नाही, घाबरायचं नाही, नकार पचवायचा नाही, चिडलं की हात उचलायचा, असा हिरो पुन्हा पुन्हा दाखवला की त्या साच्यात तुम्हालाच कोंबलं जातं.

तर पुढच्या वेळी ग्रुपमध्ये पिक्चर, वेब सिरीज, पुस्तक किंवा गेम यावर गप्पा निघाल्या की यातला एखादा प्रश्न टाकून बघा :

• कोण कुणाला वाचवतंय? उलटं केलं तर गोष्ट चालेल का?
• बाईला गोष्टीत स्वतःचं काही हवं आहे, की ती फक्त हिरोचं बक्षीस आहे?
• जेवण, धुणं, आजारपण हे सगळं कोण निस्तरतंय? की ते आपोआप होतंय?
• गरीब, दलित, आदिवासी, मुस्लिम किंवा अपंग बाई यात आहे का? असली तर तिला किती वाक्यं आहेत?
• गोष्ट सांगतंय कोण?

आणि सहावा प्रश्न आपल्याच ग्रुपसाठी : हे विचारल्यावर सगळ्यात आधी गप्प कुणाला बसवलं जातं? तिला आज बोलू द्या. वडापाव थंड झाला तर झाला, दुसरा सांगू!